घरात मेश वायफाय बसवताना: आधी भिंती आणि वायर, मग राउटर

पुण्यात वाकड, हिंजवडी, बाणेर, खराडी इकडच्या नव्या सोसायट्यांमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते. प्लॅन ३०० एमबीपीएसचा आहे, हॉलमध्ये सगळं झकास चालतं, पण आतल्या बेडरूममध्ये जाऊन दार लावलं की व्हिडिओ कॉल अडकतो. कंपनीला फोन केला की माणूस येतो, राउटर बंद-चालू करतो, हॉलमध्येच उभं राहून स्पीड टेस्ट दाखवतो आणि जातो. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. मग ऑफिसमधलं कुणीतरी सांगतं, ‘मेश घेऊन टाक’, आणि तीन युनिटांचा संच घरी येतो. मेश म्हणजे एकच वायफाय घरभर पसरवणारी, एकमेकांशी जोडलेली राउटरसारखी छोटी युनिटं.

काही घरांत त्याने प्रश्न कायमचा सुटतो. काही घरांत मात्र तिन्ही युनिटांवर हिरवा दिवा असूनही बेडरूममधला कॉल अडकतोच. यात ब्रँडचा वाटा फार थोडा असतो. युनिटं कुठे ठेवली आहेत आणि एकमेकांशी कशी जोडली आहेत यावर बहुतेक सगळं ठरतं. म्हणून माझा क्रम पक्का आहे: दोष नेमका कुठे आहे ते आधी शोधायचं, जमेल तिथे वायर टाकायची आणि संच त्यानंतर निवडायचा. खाली त्याच क्रमाने जाऊ.

भिंत कसली आहे ते पाहा

कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर भागातल्या पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या सोसायट्यांत आतल्या भिंती साधारणपणे चार-सहा इंची विटांच्या असतात. त्यातून सिग्नल बऱ्यापैकी जातो. अशा टू बीएचकेमध्ये एक चांगला राउटर घराच्या मधोमध ठेवला तर मेशची गरजच पडत नाही, आणि हे मी अगदी आग्रहाने सांगेन, कारण लोकांचे पैसे इथेच वाया जातात.

नव्या टॉवरची गोष्ट वेगळी. तिथे अनेक ठिकाणी मिवान पद्धतीचं बांधकाम असतं, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकसंध काँक्रीटचे ओतलेले. आतल्या भिंतीतही सळया असतात. वायफायच्या दोन नेहमीच्या पट्ट्यांपैकी (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) ५ चा सिग्नल अशा एका भिंतीपलीकडे बराच क्षीण होतो आणि दोन भिंतींपलीकडे जेमतेम उरतो. तुमच्या भिंतीत खिळा ठोकताना ड्रिल मशिनशिवाय काम होत नसेल आणि भुकटी लाल न येता राखाडी येत असेल, तर ती काँक्रीटची आहे असं समजा.

पेठांमधल्या जुन्या घरांत दीड-दोन फुटी भिंती भेटतात. तिथे दार ज्या रेषेत आहे त्या रेषेत युनिट ठेवणं हा उपाय भिंतीशी झगडण्यापेक्षा बरा. वाघोली, उंड्री बाजूच्या रो-हाउसमध्ये अडथळा मुख्यतः स्लॅबचा असतो, म्हणून मोजणी खोल्यांवर न करता मजल्यांवर करायची.

भिंतींच्या जोडीला लोखंडी कपाट, फ्रीज, मोठा आरसा, माशांची टाकी हेही सिग्नल अडवतात किंवा परतवतात. आणि सगळ्यात वाईट जागा बिल्डरनेच ठरवून ठेवलेली असते: फायबर मुख्य दाराजवळच्या डक्टमधून वर येते, त्यामुळे कंपनीचा मोडेम चपलांच्या रॅकवर किंवा इलेक्ट्रिकच्या मुख्य बोर्डाशेजारच्या कपाटात बसतो. म्हणजे घराच्या एका टोकाला, बंद पेटीत.

दोष लाइनमध्ये आहे की हवेत?

हे तपासल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका. अर्ध्या तासाचं काम आहे.

लॅपटॉप लॅन केबलने थेट कंपनीच्या मोडेमला जोडा. लॅपटॉपला लॅन पोर्ट नसेल तर यूएसबीचा गिगाबिट ॲडॅप्टर मागून आणा. लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि स्पीड टेस्ट घ्या. एकदा सकाळी, एकदा रात्री नऊ-दहाच्या सुमारास. वायरवरही प्लॅनच्या निम्माच वेग मिळत असेल तर दोष लाइनमध्ये आहे. अशा वेळी जगातलं कुठलंही मेश उपयोगाचं नाही. तक्रार कंपनीकडे करायची. ती कशी करावी ते शेवटी लिहिलं आहे.

वायरवर वेग पूर्ण मिळाला तर वायफायवर या. फोनमध्ये वायफाय ॲनालायझर प्रकारचं एखादं ॲप घ्या. अँड्रॉइडवर अशी बरीच आहेत. आयफोनवर ॲपलच्याच एअरपोर्ट युटिलिटीमध्ये स्कॅनर आहे, फक्त तो सेटिंग्जमध्ये जाऊन चालू करावा लागतो. ॲपमध्ये सिग्नलची ताकद डीबीएम या एककात, उणे आकड्यात दिसते आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० च्या आसपास म्हणजे उत्तम. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो. उणे ७५ च्या खाली गेलं की अडखळायला सुरुवात होते. प्रत्येक खोलीत, दार बंद करून, तुम्ही खरोखर जिथे बसता तिथे हा आकडा बघा आणि कागदावर घराचा ढोबळ नकाशा काढून त्यावर लिहा. पुढे युनिटांची जागा ठरवताना हाच कागद कामाला येतो.

तिसरी चाचणी पिंगची, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते बघण्याची. लॅपटॉपच्या कमांड प्रॉम्प्टमधून आधी राउटरच्या पत्त्याला पिंग लावा, बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. नंतर दुसऱ्या खिडकीत ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या, गूगलच्या सर्व्हरला. दोन्ही एकाच वेळी पाचेक मिनिटं चालू ठेवा. राउटरचंच उत्तर कधी ३ मिलिसेकंदांत तर कधी २०० मध्ये येत असेल, मधूनच गायब होत असेल, तर दोष वायफायचा. राउटरचं उत्तर स्थिर आहे आणि फक्त बाहेरचं उड्या मारतंय, तर दोष लाइनचा. किंवा घरातलंच कुणीतरी फोटो-व्हिडिओंचा बॅकअप वर चढवतंय आणि अपलोड भरून गेलंय.

वेगाचं गणितही इथेच करून घ्या. एचडी व्हिडिओ कॉलला साधारण तीन-चार एमबीपीएस लागतात, फोर-के चित्रपटाला पंधरा ते पंचवीस. चौघांच्या घरात सगळं एकदम चालू असलं तरी १०० एमबीपीएस पुरतात. तेव्हा बेडरूममध्ये कॉल अडकतो म्हणून ५०० चा प्लॅन घेणं व्यर्थ आहे. तिथे लागतो स्थिर सिग्नल.

आधी स्वस्तातला उपाय

नकाशा पाहिल्यावर बऱ्याचदा दिसतं की मोडेम चुकीच्या टोकाला आहे, एवढंच. कंपनीच्या माणसाला सांगून फायबरची केबल आत वाढवून घेता येते, किंवा मोडेम आहे तिथेच ठेवून त्यापासून पॅसेजपर्यंत एक कॅट-६ प्रकारची लॅन केबल ओढायची आणि तिथे राउटर ठेवायचा. पॅसेज ही बहुतेक फ्लॅटमध्ये सर्वात चांगली जागा, कारण सगळ्या खोल्यांची दारं तिथे उघडतात.

सदाशिव पेठेतल्या काकांच्या घरी एवढ्यानेच भागलं. राउटर रस्त्याकडच्या खोलीत कपाटामागे होता, तो माजघराच्या दारावरच्या फळीवर आणला आणि मागच्या खोलीतला आकडा उणे ७८ वरून उणे ६२ वर आला. खर्च केबलचा आणि इलेक्ट्रिशियनचा, बस.

टू बीएचकेला एक चांगला राउटर, फार तर दोन युनिटं. काँक्रीटच्या भिंतींच्या थ्री बीएचकेला दोन, क्वचित तीन. रो-हाउसला मजल्यागणिक एक. यापेक्षा जास्त युनिटं घेतली तर ती एकमेकांच्याच सिग्नलमध्ये व्यत्यय आणतात आणि फोन दोघांच्या मध्ये गोंधळतो.

संचांची तुलना करताना काय बघायचं

खोक्यावर एसी१२००, एएक्स१८००, एएक्स३००० असे आकडे असतात. हा सगळ्या पट्ट्यांच्या कमाल वेगांची बेरीज असतो. एएक्स१८०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झवर १२०१. एएक्स३००० मध्ये पहिला आकडा तोच, दुसरा २४०२. एक फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, शिवाय हे कागदावरचे वेग. प्रत्यक्षात निम्मा मिळाला तरी चांगला म्हणायचा. ब्रँडांची तुलना या आकड्यावरून करत बसू नका.

त्याऐवजी पहिला प्रश्न विचारा: युनिटं एकमेकांशी बोलणार कशी? याला बॅकहॉल म्हणतात आणि मेशचा सगळा जीव त्यात आहे. ड्युअल बँड संचात एकच ५ गिगाहर्ट्झ रेडिओ तुमच्या फोनलाही सांभाळतो आणि दुसऱ्या युनिटशीही बोलतो. त्यामुळे एका टप्प्यानंतर वेग साधारण निम्मा होतो, दुसऱ्या टप्प्यानंतर आणखी निम्मा. तीन युनिटं एका ओळीत ठेवली की शेवटच्या खोलीत ३०० चे ७०-८० का उरतात, याचं कारण हेच. ट्राय बँड संचात युनिटांच्या आपापसातल्या संवादासाठी वेगळा रेडिओ असतो, म्हणून वेग टिकतो. नेटगिअरचे ऑर्बी संच याच कारणासाठी ओळखले जातात आणि महागही असतात. आणि वायरने जोडलं तर स्वस्तातला ड्युअल बँड संचसुद्धा वायरलेस ट्राय बँडच्या तोडीस तोड, बरेचदा सरस चालतो. काँक्रीटच्या भिंतींच्या घरात तर नक्कीच, कारण तिथे तो वेगळा रेडिओही त्याच भिंतीला अडतो.

दुसरा प्रश्न पोर्टचा. टीपी-लिंकचे डेको ई४ आणि डेको एम४ दोन्ही एसी१२०० आहेत, दिसायला सारखे, किमतीत थोडा फरक. पण ई४ चे पोर्ट १०० एमबीपीएसचे आहेत आणि एम४ चे गिगाबिट. टेंडाच्या नोव्हा मालिकेतही एमडब्ल्यू३ आणि एमडब्ल्यू६ मध्ये हाच फरक. प्लॅन १०० च्या वर असेल किंवा पुढे होणार असेल, तर १०० एमबीपीएसचे पोर्ट असलेला संच घेऊच नका. तो कितीही सवलतीत असो. प्रत्येक युनिटला निदान दोन गिगाबिट पोर्ट हवेत.

कुठल्या पिढीचं वायफाय: ५, ६ की ७? आज नवीन घेत असाल तर वायफाय ६ घ्या. डेको एक्स२० किंवा एक्स५० या वर्गातला वायफाय ६ संच पुण्यातल्या सर्वसाधारण फ्लॅटला पुरेसा आहे. घरात बरीच उपकरणं एकदम जोडलेली असताना त्याचा फायदा दिसतो. वायफाय ७ चं प्रमाणन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, संच बाजारात आहेत; पण त्याची मोठी गंमत ६ गिगाहर्ट्झच्या मोकळ्या पट्ट्यात आहे. आपल्याकडे ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ हा भाग विनापरवाना खुला करण्याच्या नियमांचा मसुदा मे २०२५ मध्ये आला. तेव्हा वायफाय ७ घेताना भारतात विकल्या जाणाऱ्या त्या मॉडेलमध्ये ६ गिगाहर्ट्झचा रेडिओ आहे का आणि चालू आहे का, हे दुकानदाराकडून लेखी घ्या. परदेशातल्या चाचण्या बघून ठरवू नका.

घरात आधीच आसुसचा चांगला राउटर असेल तर तो फेकू नका. आसुसच्या एआयमेशमध्ये जुने-नवे राउटर एकत्र चालतात. डेकोची वेगवेगळी मॉडेल्सही एकमेकांत मिसळतात, म्हणजे पुढे एखादं युनिट वाढवता येतं; फक्त जुनं-कमजोर युनिट मुख्य जागी ठेवायचं नाही. कंपनीकडून भाड्याने मिळणारं मेश युनिट हाही मार्ग आहे, भाड्याने राहणाऱ्यांना सोयीचा. पण सेटिंग्ज फारशी हातात राहत नाहीत आणि कनेक्शन बदललं की ते परत करावं लागतं.

एक साधी गोष्ट अनेक जण विसरतात: वॉरंटीचं केंद्र पुण्यात आहे का ते विचारा, आणि ॲडॅप्टर सुटा मिळतो का तेही. युनिटापेक्षा ॲडॅप्टर आधी मरतो.

वायर कशी टाकायची

‘आता घर फोडायचं का?’ असं लगेच विचारलं जातं. फोडायचं नाही. बहुतेक फ्लॅटमध्ये हॉल आणि मास्टर बेडरूममध्ये टीव्ही पॉइंट दिलेला असतो आणि त्याचा पाइप मुख्य दाराजवळच्या डक्टकडे जातो. म्हणजे जिथे फायबर येते तिथेच. टीव्ही आता वायफायवर चालत असेल तर त्या पाइपातली जुनी डिशची केबल रिकामीच पडलेली असते. तिच्या एका टोकाला कॅट-६ घट्ट बांधायची, वर इन्सुलेशन टेप गुंडाळायची आणि दुसऱ्या टोकाने जुनी केबल हळूहळू ओढायची. जुनी बाहेर, नवी आत. अडली तर इलेक्ट्रिशियनकडे स्प्रिंग असते. टेलिफोनच्या पाइपातूनही हे जमतं. फक्त ज्या पाइपात २३० व्होल्टच्या वायर आहेत त्यात लॅन केबल कधीही घालू नका.

पाइप नसेल तर छताच्या कडेने किंवा स्कर्टिंगवरून पीव्हीसी पट्टी मारून केबल न्यायची. रंग लावला की लक्षातही येत नाही. ड्राय बाल्कनीतून बाहेरून नेणार असाल तर बाहेरच्या वापराची केबल घ्या आणि सोसायटीला विचारा. गच्चीवरून उघड्यावर तांब्याची केबल नेणं मात्र टाळा. वळवाच्या पावसात विजा कडाडल्या की पोर्ट जळतात.

केबल पूर्ण तांब्याचीच घ्या. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल सर्रास मिळते, तिची टोकं तुटतात आणि दोष महिन्यांनी उगवतो. घरातल्या अंतरांना कॅट-५ई सुद्धा एक गिगाबिटला पुरते, पण एकदाच टाकायची तर कॅट-६ टाका. एक टाकणार असाल तिथे दोन टाका. मजुरी तीच लागते.

मांडणी आणि पहिली जोडणी

मुख्य युनिट मोडेमशेजारी, लॅन केबलने जोडलेलं. दुसरं युनिट वायरलेस असेल तर ते सिग्नल नसलेल्या खोलीत ठेवायचं नाही. तिथे त्याला स्वतःलाच काही मिळत नाही, मग ते पुढे काय देणार? तुमच्या नकाशावर जिथे उणे ६० ते उणे ६५ आहे, म्हणजे साधारण अर्ध्या वाटेवर, तिथे ठेवा. वायर असेल तर हवं त्या खोलीत ठेवायला मोकळे आहात. दोन्ही बाबतींत उंची कमरेइतकी किंवा थोडी जास्त, टीव्हीच्या मागे नाही, कपाटात नाही, मायक्रोवेव्हपासून लांब. मायक्रोवेव्ह २.४ गिगाहर्ट्झच्याच आसपास चालतो.

आता एक निर्णय घ्यायचा असतो. कंपनीचा मोडेम स्वतःही राउटर असतो. त्यामागे मेशही राउटर म्हणून लावला तर दोन राउटर एकामागे एक होतात. साधं ब्राउझिंग चालतं, पण गेम, कॅमेरे आणि काही ऑफिसचे व्हीपीएन रुसतात. यावर दोन रस्ते. कंपनी तयार असेल तर मोडेम ब्रिज मोडवर टाकून (म्हणजे त्याचं राउटरचं काम बंद करून) घ्यायचा आणि मेशला राउटर करायचं. कनेक्शन पीपीपीओई पद्धतीचं, म्हणजे लॉगिन करून चालणारं असेल तर युजरनेम, पासवर्ड आणि कंपनीचा व्हीलॅन क्रमांक आधी लिहून घ्यायचा. नाहीतर मेशच्या ॲपमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड निवडायचा, म्हणजे मेश फक्त वायफाय पसरवतं आणि राउटरचं काम मोडेमकडेच राहतं. दुसरा रस्ता सोपा आहे आणि बहुतेक घरांना मी तोच सांगते. मुलांच्या वेळेची बंधनं वगैरे काही सोयी त्यात जातात, पण घोळ होत नाही.

कुठलाही मोड घ्या, कंपनीच्या मोडेमचं स्वतःचं वायफाय बंद करा. नव्या मेशला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला तर घरातला प्रत्येक फोन, टीव्ही, प्रिंटर आपोआप जोडला जातो. आणि पहिल्याच दिवशी ॲपमधून फर्मवेअर (युनिटातलं सॉफ्टवेअर) अपडेट करून घ्या.

राउटर मोडमध्ये एक चूक फार होते: दुसऱ्या युनिटची वायर मुख्य युनिटला न लावता थेट कंपनीच्या मोडेमला लावली जाते. मग त्या युनिटला वेगळंच नेटवर्क मिळतं आणि ते कधी जोडलेलं, कधी तुटलेलं दिसतं. राउटर मोडमध्ये बाकी सगळी युनिटं मुख्य युनिटच्या नंतरच यायला हवीत. पोर्ट कमी पडले तर पाच पोर्टचा साधा गिगाबिट स्विच मुख्य युनिटनंतर लावा.

बसवल्यानंतर येणाऱ्या अडचणी

वेग ९४-९५ वरच अडकतो. प्लॅन ३०० चा, पण एका खोलीत कधीही ९५ च्या वर जात नाही, अगदी पहाटेसुद्धा. हा आकडा दिसला की वायफायकडे बघूच नका, वायर तपासा. १०० एमबीपीएसची जोडणी केबलमधल्या चारपैकी दोनच जोड्यांवर चालते. गिगाबिटला चारही लागतात. एखादी जोडी तुटली किंवा प्लगमध्ये नीट बसली नाही की जोडणी गुपचूप १०० वर येते, दिवा मात्र हिरवाच राहतो. कोथरूडला मावशीकडे नेमकं हेच झालं होतं. प्लग खिडकीशी उजेडात धरून टोकाकडून पाहिला तर सात तारांचे तांब्याचे ठिपके चमकत होते आणि आठवी, तपकिरी तार, मिलिमीटरभर मागेच राहिली होती. टोक कापून नवा प्लग दाबून बसवला (क्रिंप केला) आणि वेग पूर्ण आला. क्रम दोन्ही टोकांना एकच हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

फोन जवळचं युनिट सोडून लांबच्यालाच चिकटून राहतो. कुठल्या युनिटला जोडायचं हे शेवटी फोन ठरवतो, मेश फक्त सुचवतं. ॲपमध्ये फास्ट रोमिंग (एका युनिटवरून दुसऱ्यावर पटकन जाण्याची सोय) किंवा ८०२.११ के, व्ही, आर असे पर्याय असतील तर चालू करा. तरीही फोन हटत नसेल तर युनिटं बहुधा फार जवळ आहेत. एखादं लांब सरकवा किंवा ट्रान्समिट पॉवर कमी करा. लॅपटॉप जुना असेल तर त्याच्या वायफायचा ड्रायव्हर अपडेट करून बघा.

स्मार्ट प्लग, गीझरचा स्विच, कॅमेरा, सोलर इन्व्हर्टरचा डोंगल जोडलाच जात नाही. यातली बहुतेक उपकरणं फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात आणि नवी डब्ल्यूपीए३ सुरक्षा त्यांना कळत नाही. ॲपमध्ये अशा उपकरणांसाठी वेगळं नेटवर्क करा: फक्त २.४, फक्त डब्ल्यूपीए२, फास्ट रोमिंग बंद. घरातल्या लॅपटॉपपासून ही उपकरणं वेगळी राहिली तर सुरक्षेच्या दृष्टीनेही बरं.

रात्री वायफाय मंद, पिंग अस्थिर. ॲनालायझर उघडा; मोठ्या सोसायटीत वीस-पंचवीस शेजाऱ्यांची नावं दिसतील. २.४ वर चॅनल (पट्ट्याचे छोटे भाग) १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वात मोकळं घ्या आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ४० ठेवली तर शेजाऱ्यांचंही बिघडतं आणि तुमचंही. ५ गिगाहर्ट्झवर ८० मेगाहर्ट्झ योग्य. १६० ची हाव काँक्रीटच्या जंगलात अंगाशी येते.

दिवसातून मध्येच सगळं मिनिटभर गायब होतं आणि आपोआप परत येतं. ५ गिगाहर्ट्झमधली ५२ ते १४४ ही चॅनलं रडारसोबत वाटून घेतलेली आहेत. राउटरला रडारसारखा सिग्नल ऐकू आला की त्याने ते चॅनल लगेच सोडायचं असतं आणि अशा दुसऱ्या चॅनलवर जाण्याआधी निदान मिनिटभर ऐकत थांबायचं असतं. लोहगाव-विमाननगर परिसरात ही शक्यता आधी तपासा. राउटरच्या लॉगमध्ये (नोंदींमध्ये) डीएफएस, म्हणजे रडार टाळण्याची हीच पद्धत, किंवा रडार असा उल्लेख असेल तर चॅनल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांवर बांधून टाका. काही मेश संचांत चॅनल हाताने निवडता येत नाही. घेण्याआधी हेही बघण्यासारखं आहे.

सगळं चालतं, फक्त ऑफिसचा व्हीपीएन किंवा एखादी साइट अडते. पीपीपीओईवर असाल तर राउटरमधला एमटीयू (एका वेळी पाठवायच्या डेटाचा कमाल आकार) १४९२ आहे का पाहा. डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) बदलून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ करून बघा.

वीज गेली की घोळ. पुण्यात देखभालीसाठी वीज बरेचदा गुरुवारीच जाते, आणि घरून काम करणाऱ्याला त्या दिवशीही मीटिंग असतेच. राउटरचा छोटा यूपीएस घ्या, पण ॲडॅप्टरवरचा आकडा वाचून: व्होल्ट तंतोतंत तेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त. मोडेम आणि मुख्य युनिट दोन्ही त्यावर हवेत. नुसता मोडेम चालू ठेवून उपयोग नाही. इन्व्हर्टर असेल तर आतल्या खोलीतल्या युनिटचा प्लगही इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. वीज परत आल्यावर काही अडलंच तर आधी मोडेम चालू करा, त्याचे दिवे स्थिर झाले की मुख्य युनिट, मग बाकीची.

दोष लाइनमध्येच असेल तेव्हा

मोडेमवर एलओएस लिहिलेला लाल दिवा लागला असेल तर फायबर तुटली आहे किंवा वाकली आहे. आपल्या हातातलं एवढंच: मोडेममागे केबल कपाटाच्या दारात चिमटली आहे का, काटकोनात मुडपली आहे का ते पाहायचं. पावसाळ्याच्या तोंडावर रस्ते खणले जातात तेव्हा हा प्रकार वाढतो. दिवा ठीक असूनही वारंवार तुटत असेल तर मोडेमच्या सेटिंग्जच्या पानावर ऑप्टिकल पॉवर (फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद) बघा. जीपॉन (घरगुती फायबरची एक पद्धत) कनेक्शनला ती उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या मध्ये हवी. उणे २६ च्या आसपास रेंगाळत असेल तर जोड खराब आहे असं धरून चाला.

तक्रार फोनवर तोंडी करून थांबू नका. डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्याच. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीला तक्रार केंद्र आणि त्यावर अपील प्राधिकारी ठेवावा लागतो. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही, म्हणून अपील कंपनीकडेच करायचं असतं. मजकूर थोडका आणि मोजमापांसह लिहा: ‘लॅपटॉप लॅन केबलने थेट मोडेमला जोडून, वायफाय बंद ठेवून चाचणी घेतली. प्लॅन ३०० एमबीपीएस. सकाळी ८ वाजता २९०, रात्री ९.३० वाजता ४०. ऑप्टिकल पॉवर उणे २६.८. स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. घरातला मेश राउटर या चाचणीत जोडलेला नव्हता.’ हे शेवटचं वाक्य नक्की लिहा, नाहीतर पहिलं उत्तर ‘तुमच्या राउटरचा दोष आहे’ हेच येतं.